पाळण्यामागची यमुना

श्रावण वद्य अष्टमी जवळ आली की पाळण्यामागील भिंतीवर यमुना रेखाटण्याची हौस अनेकांस होते. आमच्या नेवाशाला प्रवरा जवळूनच वाहते. तरीही कुंचला हाती घेतला की पाणी काढावे कसे, येथेच अडते.

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तृतीय खंडातील चित्रसूत्रात यावर मार्मिक विवेचन आहे. लाटा, अग्निशिखा, धूम्र आणि पताका ही वाऱ्याच्या गतीप्रमाणे जो रेखाटील त्यालाच चित्रज्ञ म्हणावे, अशी कसोटी तेथे सांगितली आहे. हा श्लोक मी कीर्तनात कितीदा तरी निरूपिला. स्वगृही मात्र विसरलो.

काही वर्षांपूर्वी बैठकीच्या भिंतीला मी गर्द निळा तैलरंग देवविला. भिंत जुनी, चुन्याच्या गिलाव्याची, पावसाने ओलावलेली. रंगारी ‘नको’ म्हणत होता. मी ऐकले नाही. रंगाखाली ओल कोंडली, फोड आले आणि ऐन जन्मकाळी यमुनेचा एक पोपडा पाळण्यात पडला! सुंठवडा घेताना कोणी काही बोलले नाही, हा मंडळींचा सुसंस्कृतपणा.

पुढील वर्षी त्याच रंगाऱ्यास सन्मानाने बोलाविले. त्याने सारा तैलरंग खरवडून काढला, भिंत पाण्याने शिंपली आणि गाळलेल्या चुन्याचे दोन पातळ हात दिले. “बुवा, हा तुमचा पूर्वरंग,” तो म्हणाला. उत्तररंगासाठी चुन्यातच कपड्यांना घालावयाची नीळ कालविली. चुन्याच्या दाहकतेतही ही नीळ टिकते. सारेच निळे रंग टिकत नाहीत. ओला चुना गडद दिसतो व वाळल्यावर पुष्कळच फिका पडतो, म्हणून आधी कोपऱ्यात थोडा लावून, वाळवून पाहिला. मग तळाशी गडद, वर फिकट असा रंग देऊन, तो ओला असतानाच पिळलेले फडके आडवे, किंचित हेलकावत फिरविले. दूरच्या लाटा जवळजवळ, अलीकडच्या विरळ. चुना डोळ्यांस अपायकारक, म्हणून मुलांना मात्र दूर ठेवले होते.

हवेतील कर्बवायू शोषून चुन्याचा पुन्हा दगड होतो आणि भिंतीची ओल त्यातून बाहेर पडू शकते. अहिल्यानगरजवळील, 1583 साली पूर्ण झालेल्या फराहबागेच्या महालाचा गिलावाही चुन्याचाच. त्या महालाभोवती विस्तीर्ण तळे होते. तळ्यावरून परतलेली उन्हाची झळाळी आतल्या भिंतींवर हलत असेल. तेथे कुंचल्याची गरज ती काय?

आमच्याकडे समईच्या ज्योतीने ते काम केले. ज्योत हलली की फडक्याचे वळ हलल्यासारखे भासत. नातवाने तर भिंतीला हात लावून तो ओला झाला का, हे पाहिले.

यंदा जमिनीलगतचा पट्टा थोडा उडाला आहे. चुना भिजत घातला आहे. रंगारी सोमवारी येतो म्हणाला आहे.