तांब्याचा सांडवा तुंबतो तेव्हा...

बालमित्रांनो, पावसाळ्यात चिखलदऱ्याला गेलात की आधी धुकं भेटतं आणि मग शक्कर तलाव. आता विचार करा, डोंगरावरचं पाणी एखाद्या तलावात येतच राहिलं आणि बाहेर जायला वाटच नसली, तर? काठ ओलांडून ते नको तिथे घुसेल. म्हणून तर तलावाला आणि धरणाला सांडवा लागतो.

आपल्या शरीरातही असाच एक सांडवा आहे, बरं का! आणि तो आहे तांब्याचा. दचकलात ना? शेंगदाणे, तीळ, डाळी यांतून रोज एखाद-दोन मिलिग्रॅम तांबं आपल्या पोटात जातं. रक्त तयार व्हायला आणि मज्जातंतू नीट राहायला ते हवंच. पण गरजेपेक्षा जास्त झालेलं तांबं यकृत पित्तात सोडतं आणि ते शौचावाटे बाहेर पडतं.

काही मुलांमध्ये मात्र जन्मापासूनच हा सांडवा नीट चालत नाही. तांबं आधी यकृतात साठतं, मग मेंदूत आणि डोळ्यांत. हाच 'विल्सनचा आजार'. लंडनच्या डॉ. किनियर विल्सन यांनी १९१२ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. साधारण ३० हजारांत एखाद्याला तो होतो. आपल्याकडेही तो आहे. मुंबईचे डॉ. दस्तूर, डॉ. मंघानी आणि डॉ. वाडिया यांनी भारतातल्या १६ कुटुंबांचा अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध केला होता.

रुग्णांबरोबर कुटुंबांचा अभ्यास कशाला? कारण हा आजार आनुवंशिक आहे. सांडवा चालवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आलेली, एक बाबांकडून. एक बिघडली तरी दुसरी काम भागवते. म्हणून आईबाबा ठणठणीत असतात! पण दोघांकडूनही बिघडलेलीच प्रत आली, तर मूल आजारी पडतं. अशा घरात प्रत्येक मुलाला हा धोका चारात एक असतो. नात्यात लग्नं झाली, तर अशा दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते.

आता वर्गात डोकावू या. चांगलं अक्षर असलेल्या मुलाचं अक्षर अचानक बिघडतं. हात थरथरतो, बोलणं अडखळतं, लाळ गळते, चिडचिड वाढते. घरचे म्हणतात, "आळशी झाला." कुणी म्हणतं, "बाहेरचं काहीतरी लागलं." आणि अंगारे-धुपाऱ्यात मोलाचे महिने निघून जातात! काहींना आधी कावीळ होते किंवा पोट फुगतं. डॉक्टर खास यंत्रातून डोळा तपासतात, तेव्हा बुबुळाच्या कडेला सोनेरी-तपकिरी कडं दिसू शकतं. रक्ताची आणि दिवसभराच्या लघवीची तपासणीही करतात.

यावर औषध आहे का? आहे! १९५६ साली डॉ. जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन हे औषध पुढे आणलं. ते साठलेलं तांबं लघवीवाटे बाहेर काढतं. जस्ताची औषधं अन्नातलं तांबं आतड्यातच अडवतात. औषध मात्र जन्मभर घ्यावं लागतं. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडणं जिवावर बेतू शकतं. वेळेवर सुरू केलं, तर शाळा, नोकरी, संसार सगळं जमतं. यकृत फारच खराब झालं, तर ते बदलावं लागतं.

मग आजीच्या तांब्यातलं पाणी प्यायल्यानं हा आजार होतो का? नाही. पण ज्यांना तो आहे, त्यांनी तांब्याची भांडी टाळायची. तान्ह्या बाळांची गोष्ट निराळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. टॅनर यांनी १९८०च्या दशकात बाळांच्या यकृताच्या एका वेगळ्या, जीवघेण्या आजाराचा संबंध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेल्या दुधाशी जोडून दाखवला. म्हणून बाळाचं दूध स्टीलच्या भांड्यात!

आईबाबांनो, घरात एका मुलाला विल्सनचा आजार निघाला, तर त्याच्या भावंडांची तपासणी लगेच करून घ्या, ती धडधाकट दिसत असली तरी. आणि दोस्तांनो, हा आजार शिवल्यानं किंवा एका डब्यात जेवल्यानं होत नाही. बाकावरच्या मित्राचा हात थरथरत असेल, तर हसू नका. बाईंना सांगा. वेळेवर सांगितलेली तेवढी गोष्ट त्याचा जीव वाचवू शकते!