प्रेअरीवरील लाकडी प्रार्थनामंदिर

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, अमेरिकेच्या सरहद्दीलगत, गार्डेंटन नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील सेंट मायकेलचे लाकडी प्रार्थनामंदिर हे युक्रेनी वसाहतकऱ्यांनी त्या देशात उभारलेल्या अगदी आरंभीच्या ऑर्थोडॉक्स मंदिरांपैकी एक होय. त्याचे बांधकाम १८९७ साली सुरू झाले आणि १८९९ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. आज ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून गणले जाते. परंतु या मंदिराचा वारसा म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचा येथे आम्हांस विचार करावयाचा आहे.

ही माणसे आली ती बुकोविना प्रांतातून. त्या काळी तो ऑस्ट्रियन साम्राज्यात होता. आज तो युक्रेन व रुमानिया या देशांत विभागलेला आहे. वाटण्या होत होत तेथील शेतकऱ्याच्या वाट्यास जमिनीचे लहान तुकडे उरले होते. उलट कॅनडा सरकार १८७२ च्या कायद्यान्वये दहा डॉलर शुल्क घेऊन १६० एकर जमीन देत होते. अट एवढीच की, त्या जमिनीवर घर बांधून राहावे आणि ती लागवडीखाली आणावी. दगडगोटे, दलदल आणि झाडी यांनी व्यापलेल्या या भागात ते १८९६ पासून स्थायिक होऊ लागले. मायदेशी लाकडाची चणचण सोसलेल्या त्या लोकांना ही झाडीच मोलाची वाटली.

अशा स्थितीत, स्वतःचा संसार अजून धड मांडलेला नसताना, त्यांनी ओंडके तासून मंदिर उभे केले. त्याची रचना बुकोविनातील परंपरेची आहे. आधी प्रवेशमंडप, मग सभामंडप आणि पूर्वेस गर्भगृह. सभामंडप व गर्भगृह यांच्यामध्ये संतांच्या चित्रांनी सजलेली भिंत असते. छपरावरील लहान घुमट आणि शेजारचा स्वतंत्र घंटामनोरा यांमुळे माळावरून जाणाऱ्या कोणासही हे मंदिर कोणत्या लोकांचे आहे, हे सहज कळते.

मंदिर झाले, पण धर्मगुरू कोठे होता? रशियन ऑर्थोडॉक्स मिशनचे धर्मगुरू अधूनमधून येत. एरवी लोकांना आपली व्यवस्था आपणच पाहावी लागे. ऑर्थोडॉक्स उपासनेत वाद्य नसते, सारा भार मानवी कंठावर असतो. पाठ येणारा एखादा शेतकरी पुढे उभा राहून गायन सुरू करी आणि बाकीचे त्याला साथ देत. संताच्या नावाचा वार्षिक उत्सव, त्याला ते ‘ख्राम’ म्हणतात, हा आपल्याकडील ग्रामदैवताच्या जत्रेसारखाच असतो. दूरदूरची माणसे येतात, पंगती उठतात आणि मुलामुलींच्या सोयरिकीही ठरतात.

पुढील काळाने या समाजाची कसोटी पाहिली. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाचे प्रजाजन म्हणून हजारो युक्रेनी माणसांवर ‘शत्रुदेशीय’ असा शिक्का बसला. छावण्यांत डांबल्या गेलेल्या एकूण ८,५७९ लोकांत बहुसंख्य युक्रेनी होते. १९१६ मध्ये मॅनिटोबातील द्विभाषिक शाळा बंद झाल्या. शाळेतून मातृभाषा गेली तेव्हा ती टिकविण्याचे काम घर आणि मंदिर यांच्यावर येऊन पडले. १९१८ साली सास्काटून येथे युक्रेनी ऑर्थोडॉक्स चर्चची स्वतंत्र संघटना स्थापन झाली, त्यामागे आपला कारभार आपल्या भाषेत चालावा ही तळमळ होतीच.

आज या माळावरील खेडी ओस पडत चालली आहेत. तरुण पिढी शहरांत गेली, आणि अनेक मंदिरांची दारे वर्षातून एखाद्या सणालाच उघडतात. छप्पर गळू लागल्यास ते दुरुस्त करता येईल, कुजलेला ओंडका बदलता येईल. आणि त्यात काही वावगे नाही, कारण या वास्तू पूर्वीपासून अशाच बदलत आल्या आहेत. परंतु पाठ म्हणणारा शेवटचा माणूस गेला आणि त्याच्यामागून कोणी उभा राहिला नाही, तर ती जागा कोणत्या अनुदानाने भरून निघणार? आमच्या मते येथील वारसा लाकडाचा आहेच. पण धर्मगुरू नसतानाही दार उघडून गाऊ लागणाऱ्या त्या शेतकऱ्याचा तो अधिक आहे. वास्तूची निगा राखणाऱ्यांनी त्या गायनाचीही काळजी वाहिली, तरच तो वारसा पुढच्या हाती पडेल.