अवजार कोणते घरचे, कोणते भाड्याचे?

अकोल्याहून वाशीमकडे निघाले की पातूर लागते आणि गाव सुटताच घाट सुरू होतो. घाटाच्या पायथ्याची जमीन हलकी, मुरमाड. खाली बाळापूरकडे ती काळी आणि भारी होत जाते. खरिपात सोयाबीन-तूर, पाणी असेल तर रब्बीत हरभरा-गहू, हे इथल्या घरच्या शेतीचे नेहमीचे चक्र. या शेतीत भाव आपल्या हातात नाही, पाऊसही नाही. हातात उरतो तो खर्च, आणि त्यातला सगळ्यात जड निर्णय लोखंडाचा असतो.

ट्रॅक्टरचा हिशेब

दारात ट्रॅक्टर असला की गावात पत वाढते, मुलाच्या सोयरिकीतही वजन येते. ही भावना खोटी नाही, पण हप्ता तिच्यावर फिटत नाही. एक उदाहरण मांडून पाहू. समजा ट्रॅक्टर आणि सोबतची अवजारे मिळून ८ लाखांना पडली आणि १० वर्षांनी त्यांचे ३ लाख आले. म्हणजे वर्षाची घट ५० हजार. अडकलेल्या सरासरी साडेपाच लाखांवर १० टक्क्यांनी व्याज ५५ हजार. विमा, टायर, दुरुस्ती २० हजार. चाक फिरण्याआधीच वर्षाला सव्वा लाख गेले.

आता दुसरी बाजू. नांगरटीपासून पेरणीपर्यंतची सगळी वाही भाड्याने एकरी ४ हजारांत होते असे धरू. घरच्या ट्रॅक्टरला तेवढ्याच कामाचे डिझेल १,३५० रुपयांचे लागले, तर एकरी बचत २,६५० रुपये. सव्वा लाख भरून निघायला सुमारे ४७ एकर वाही हवी. महाडीबीटीवरून अल्पभूधारकाला जास्तीत जास्त मिळणारे सव्वा लाखाचे अनुदान पदरात पडले, तरी हा आकडा ४० एकरांवरच येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. किंमत उतरली हे चांगलेच झाले, पण गणिताची दिशा त्याने बदलत नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर होती. दुसऱ्यांची वाही मिळण्याची खात्री असेल त्यानेच ट्रॅक्टर घ्यावा. पण मग तो शेतीखर्च राहत नाही, वेगळा धंदा होतो, आणि त्याची वही वेगळीच ठेवावी.

भाड्याची खरी अडचण

भाड्याच्या बाजूने एवढे बोलल्यावर तिची कमजोरीही सांगितली पाहिजे. काळ्या रानात वापसा सगळ्यांना एकाच वेळी येतो. ओल जास्त असताना चाक घातले तर जमीन दडपते, उशीर झाला तर ढेकळे निघतात. त्या दोन-तीन दिवसांत गावातले सगळे ट्रॅक्टर कुणाच्या ना कुणाच्या शेतात असतात. म्हणून नांगरट, रोटावेटर ही आधी उरकता येणारी कामे भाड्याने करावीत आणि ज्या कामात दिवस चुकला की पीक चुकते, त्याचे अवजार हाताशी ठेवावे. पेरणीयंत्र दोन भावांत किंवा शेजाऱ्यांत मिळून घेता येते. २०१८ पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात अकोला जिल्ह्यातली गावेही होती. त्यात शेतकरी गटांना अवजारे बँकेसाठी अनुदान मिळाले, ते याच कारणाने.

डवरा मात्र घरचाच हवा. पाणी साचते किंवा पाऊस दडी मारतो अशा रानासाठी रुंद वरंबा-सरीचे यंत्र चांगले. ते मिळाले नाही तर पेरताना ठरावीक तासांनंतर एक तास रिकामा ठेवायचा आणि डवरणीच्या वेळी डवऱ्याला जाड दोरी गुंडाळून त्या जागी सरी ओढायची. माती दोन्ही बाजूंना पिकाच्या बुडाशी लागते. जादा पाणी सरीतून निघून जाते आणि खंड पडला तर तिथेच मुरलेली ओल कामी येते. खर्च फक्त दोरीचा.

घरचे बियाणे

२०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. दुबार पेरणीचा घाव ज्याने सोसला, त्याला बियाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. सोयाबीन स्वपरागसिंचित आहे, त्यामुळे एकदा प्रमाणित बियाणे घेतले की त्याच्या पुढच्या पिकाचे बी दोन-तीन वर्षे पेरता येते. एकरी ३० किलो बी २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने धरले तरी साधारण १,६०० रुपयांचे होते. दुकानातली पिशवी यापेक्षा महाग पडते.

पण ही बचत फुकट मिळत नाही. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ असते, तिला मळणीतच मार बसतो. बियाण्यासाठी ठेवायचा माल वेगळा मळावा. दाण्यात १३ टक्के ओलावा असेल तर ड्रमचे फेरे मिनिटाला ३०० ते ४०० इतकेच ठेवावेत. थ्रेशरवाल्याला घाई असते आणि वेग कमी केला की त्याचा वेळ जातो. तेवढ्या पोत्यांचे चार पैसे जास्त देऊन ही गोष्ट आधीच ठरवावी. पोती आपटू नयेत, जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावीत.

मे महिन्यात परीक्षा घ्यावी. पोत्यापोत्यातून बी काढून १०० दाणे मोजावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडून गुंडाळावेत आणि ओल टिकवावी. आठवडाभरात ७० चांगले कोंब आले तर एकरी ३० किलो पुरते. सत्तरच्या खाली प्रत्येक टक्क्यामागे अर्धा किलो वाढवावे, आणि साठच्याही खाली उगवण गेली तर ते बी बाजारात विकावे, पेरू नये.

विकत काय घ्यावे?

काटकसर म्हणजे खिशाला गाठ मारून बसणे नव्हे. परतीचा पाऊस सोयाबीनच्या गंजीवर पडला की दाणा काळा पडतो आणि मोंढ्यात भाव तुटतो. म्हणून चांगली ताडपत्री उसनवारीवर ठेवू नये. बीजप्रक्रिया टाळू नये, माती परीक्षण चुकवू नये. हे खर्च लहान असतात आणि थेट पिकाला लागतात.

मोठ्या वस्तूची पावती फाडण्याआधी घरात सगळ्यांनी बसून तीन गोष्टी बोलाव्यात. ही वस्तू वर्षात किती दिवस चालेल? त्या दिवसांत ती भाड्याने मिळते का? आणि सोयाबीन साडेतीन हजारांनी विकावे लागले, तरी हप्ता जाईल का? कागदावर सही एकाची असते, पण कर्ज घरातल्या प्रत्येकाच्या ताटातून फिटते. म्हणून घरातल्या बाईला आणि शिकत्या मुलांना या हिशेबात बसवलेच पाहिजे. तिन्ही उत्तरे पटली तर ट्रॅक्टर जरूर घ्यावा. नाही पटली, तर तो पैसा विहिरीच्या दुरुस्तीला, बियाण्याला आणि मुलांच्या फीला ठेवावा. वऱ्हाडातल्या कोरडवाहू घराला एक वाईट वर्ष निभावून नेणारी ताकद तिथूनच मिळते.