जुना लेथ : भाव लोखंडाचा, जोखीम हलवण्याची

कारखाना बंद पडला की बँकेची लिलावाची नोटीस निघते आणि तिच्यात एक ठरलेले वाक्य असते : मालमत्ता 'जशी आहे तशी, जिथे आहे तिथे' विकली जाईल. शेडमध्ये वर्षानुवर्षे चाललेला एचएमटीचा एलबी-17 असो की हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा लेथ, तो या वाक्यासकट विकला जातो. घेणाऱ्याचे सारे लक्ष मात्र भावावर. किलोने किती, भंगारवाल्यापेक्षा किती जास्त, आणखी पाच हजार उतरतील का, यातच दुपार जाते. माझे म्हणणे असे की या व्यवहारात भाव ही सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे. 'जशी आहे तशी' या शब्दांत बेडची झीज दडलेली असते आणि 'जिथे आहे तिथे' या शब्दांत यंत्र हलवण्याचा खर्च. जुन्या लेथचा सौदा फायद्याचा की तोट्याचा, हे या दोन गोष्टींवर ठरते.

आधी बेड पाहू. एचएमटी 1953 मध्ये स्वित्झर्लंडच्या ऑर्लिकॉन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत उभी राहिली आणि त्या पिढीच्या यंत्रांत लोखंडाची काटकसर नव्हती. बिडाच्या लोखंडात ग्राफाइटचे पापुद्रे असतात, ते कंपने शोषून घेतात. म्हणून जड बेडच्या लेथवर खोल कट घेतला तरी जॉब थरथरत नाही. पण हाच बेड सगळीकडे सारखा झिजत नाही. बहुतेक काम चकाजवळ होत असल्याने तिथला भाग खाली जातो आणि टेलस्टॉककडचा जवळपास नवाच राहतो. हे पारखायला महागडे उपकरण लागत नाही. सॅडल चकाजवळ आणावा, त्याचा लॉक बोल्ट चाक फिरवताना हाताला जेमतेम अडसर जाणवेल इतकाच आवळावा आणि सॅडल हळूहळू टेलस्टॉककडे न्यावा. वाटेत तो घट्ट होत जाऊन अडला, तर बेड चकाजवळ खाल्लेला आहे, मग वरून रंग कितीही ताजा असो. बेड ग्राइंड करून घेता येतो, हे खरे. पण बेड खाली गेला की सॅडल खाली येतो, एप्रनची लीडस्क्रूशी असलेली रेघ चुकते आणि टेलस्टॉकचे सेंटरही उतरते. ते सगळे जुळवत बसण्यापेक्षा दुसरा लेथ शोधलेला बरा.

बेड चांगला निघाला तरी यंत्र अजून दुसऱ्याच्या शेडमध्ये आहे. मध्यम आकाराचा लेथ दोन टनांच्या आसपास भरतो आणि त्याचे वजन सारखे वाटलेले नसते. हेडस्टॉक, गिअरबॉक्स आणि मोटर एकाच टोकाला, शिवाय बराच भार वरच्या अंगाला. म्हणून तो पाहता पाहता कलंडतो. बीड दाब भरपूर सोसते, ताण सोसण्याची त्याची ताकद मात्र त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकीच. चाळीस वर्षे खोल कट घेतलेले यंत्र हातभर उंचीवरून पडले तर पाय तुटतो किंवा बेडला तडा जातो आणि त्या क्षणी त्याची किंमत भंगाराची होते. हायड्रा क्रेन बोलावली की पट्टा बेडखालून जायला हवा, लीडस्क्रू आणि फीड रॉडला त्याचा स्पर्शही होता कामा नये, कडांवर लाकडी ठोकळे हवेत. सॅडल आणि टेलस्टॉक मागे सरकवून तोल साधावा, दोन्ही लॉक करावेत, मग जमिनीपासून बोटभर उचलून थांबावे आणि यंत्र कुठे झुकते ते बघावे. जिथे हायड्रा शिरत नाही तिथे पहार, पाइप आणि अनुभवी माणसे. हे काम जाणणाऱ्या टोळीची मजुरी जास्त वाटते म्हणून रस्त्यावरून चार हात गोळा करणारा माणूस यंत्राबरोबर कामगारांचे पायही पणाला लावतो. यात कसलीही तडजोड मला मान्य नाही.

आपल्या शेडमध्ये यंत्र उतरले म्हणजे खरेदी संपली, हाही गैरसमज. समजा बेडची रुंदी 300 मिमी आहे, सेंटरची उंची 180 मिमी आहे आणि टेलस्टॉकच्या टोकाला बेडची एक बाजू 0.05 मिमीने वर राहिली आहे. एवढ्या पिळाने टूलचे टोक सुमारे 0.03 मिमी सरकते आणि जॉबचा व्यास त्या टोकाला 0.06 मिमीने चुकतो. बेअरिंग बसवायच्या शाफ्टला एवढी चूक चालत नाही. पुष्कळदा 'लेथ टेपर काढतो' म्हणून ज्याला नावे ठेवली जातात, तो झिजलेला नसतो, फक्त वाकडा बसवलेला असतो. पक्का काँक्रीटचा थर, लेव्हलिंगच्या पाचरी आणि मीटरमागे 0.02 मिमी दाखवणारी लेव्हल, हा खर्च यंत्राच्या किमतीतच धरायला हवा.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवा हलका लेथ घ्यावा, वॉरंटीही मिळते. हलके काम असेल तर जरूर घ्यावा. जाड शाफ्टवर पार्टिंग टूल लावल्यावर मात्र वजनाची उणीव वॉरंटी भरून काढत नाही. दुसरा आक्षेप सीएनसीचा, आणि तो अधिक वजनदार आहे. एकाच मापाचे हजार नग काढायचे तर जुन्या लेथची बाजू घेण्यात अर्थ नाही. पण ऐन गाळप हंगामात साखर कारखान्याच्या पंपाचा शाफ्ट तुटतो तेव्हा नग एकच हवा असतो, तोही आजच, आणि ड्रॉइंग म्हणजे तुटलेला तुकडा. असे काम हाताने चालवायच्या लेथवरच लवकर उरकते. तिसरा आक्षेप सुट्या भागांचा. तो निम्मा खरा आहे. बुश, गिब, हाफनट कोल्हापूर-पुण्याकडे करून मिळतात, चेंज गिअरही कापून मिळतात, पण संच अपुरा असेल तर तो खर्च भाव ठरवण्याआधी मोजावा लागतो.

तेव्हा जुना लेथ घ्यायचा असेल तर बयाणा देण्याआधी तो चालू करून पाहा, सगळ्या वेगांवर हेडस्टॉकचा आवाज ऐका, चेंज गिअर मोजा, दोन्ही शेडची दारे टेपने मापा आणि हलवणाऱ्या टोळीला जागेवर नेऊन दर लेखी घ्या. भावाची घासाघीस त्यानंतर करा.