विद्यापीठीय शिक्षणातील प्रकल्प व्यवस्थापन व संघनेतृत्व : नाशिकच्या सिंहस्थाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

पदवी व पदव्युत्तर स्तरावरील विद्यार्थ्यांना ‘प्रकल्प’ हा शब्द आता अपरिचित राहिलेला नाही. अभियांत्रिकी, व्यवस्थापन व संगणकशास्त्र या शाखांत तो पूर्वीपासून होताच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून आखलेल्या अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प, सामुदायिक सहभाग व कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक मिळाल्याने कला आणि वाणिज्य शाखांतही तो पोहोचला आहे. तथापि, प्रकल्प सादर करणे आणि प्रकल्पाचे व्यवस्थापन शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बहुतेक ठिकाणी परीक्षकांसमोर येतो तो बांधणी केलेला अहवाल. काम कसे आखले गेले, ते कोठे अडले, अडचण कोणी सोडवली, कोण केवळ नावापुरते होते, यांपैकी काहीही त्या अहवालात उमटत नाही. अहवालावर नावे पाच असतात आणि श्रम बहुधा दोघांचे असतात. परीक्षा अहवालाची होत असल्यामुळे विद्यार्थीही अहवाल लिहिण्यास शिकतो. काम पार पाडण्यास शिकतोच असे नाही. हे कौशल्य विद्यापीठात कसे शिकता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात नाशिकमधील उदाहरणांच्या आधारे केला आहे.

संकल्पना :

ठरावीक मुदतीत, मर्यादित साधनांत, एक विशिष्ट फलित निर्माण करण्यासाठी हाती घेतलेले काम म्हणजे प्रकल्प होय. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील रोजची पुस्तकांची देवघेव हा प्रकल्प नव्हे. त्या ग्रंथालयाचे संगणकीकरण हा मात्र प्रकल्प आहे. कामाची व्याप्ती, वेळ आणि खर्च या तीन मर्यादा प्रत्येक प्रकल्पास असतात. यांपैकी एक बदलली की उरलेल्या दोहोंवर ताण येतो. या शास्त्राची साधने औद्योगिक जगातून आली. हेन्री गँट यांचा वेळापत्रक-तक्ता विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रूढ झाला. निर्णायक मार्ग पद्धती, म्हणजेच सीपीएम, ही १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ या रसायन उद्योगात विकसित झाली, तर पर्ट ही पद्धती १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी तयार करण्यात आली. आपल्या पाठ्यपुस्तकांत ही साधने आकडेमोडीचे प्रश्न म्हणून येतात आणि परीक्षेनंतर विस्मृतीत जातात.

नाशिकचा दाखला :

नाशिक-त्र्यंबकेश्वर येथे दर बारा वर्षांनी भरणारा सिंहस्थ कुंभमेळा हा प्रकल्प व्यवस्थापनाचा एक मोठा पाठच आहे. येथे तीन मर्यादांपैकी वेळ ही पूर्णतः अचल असते. पर्वणीची तिथी पंचांगाने ठरते. काम अपुरे आहे म्हणून ती पुढे ढकलता येत नाही. नियोजनातील उणिवेची किंमत किती मोठी असू शकते, हे २७ ऑगस्ट २००३ रोजी दिसून आले. त्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा मृत्यू झाला.

पुढील सिंहस्थापूर्वी, २०१४ च्या जानेवारीत, ‘कुंभथॉन’ हा उपक्रम नाशिकमध्ये सुरू झाला. मूळचे नाशिकचे असलेले, अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमधील प्राध्यापक रमेश रासकर यांचा त्यात पुढाकार होता. विद्यार्थी, तंत्रज्ञ, उद्योजक व शहरातील जाणकार यांनी एकत्र बसून मेळ्यातील आरोग्य, निवास, भोजन, वाहतूक व गर्दी यांविषयीचे प्रश्न निवडले आणि त्यांवर लहान गटांनी काम केले. त्यातून पुढे आलेल्या ‘अशिओतो’ या उपकरणाचा वापर २०१५ च्या मेळ्यात करण्यात आला. जपानी भाषेत अशिओतो म्हणजे पावलांचा आवाज. दाब ओळखणाऱ्या संवेदकांची चटई वाटेवर अंथरायची आणि तिच्यावरून किती माणसे गेली याची मोजणी तत्काळ मिळवायची, असे त्याचे स्वरूप होते.

प्रकल्प शिकणाऱ्यांच्या दृष्टीने येथे महत्त्वाचे आहे ते व्याप्तीचे निश्चितीकरण. ‘कुंभमेळ्यातील गर्दीचे नियंत्रण’ हा विषय कोणत्याही विद्यार्थी गटाच्या आवाक्याबाहेरचा आहे. ‘एका वाटेवरून किती माणसे गेली ते मोजणे’ हे काम मात्र करून पाहता येते, तपासता येते आणि चुकले तर दुरुस्त करता येते. आपल्याकडील प्रकल्पांची शीर्षके पाहिली असता नेमका याचाच अभाव जाणवतो. ‘नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष निर्यातीचा अभ्यास’ असा विषय चार महिन्यांच्या सत्रासाठी घेतला जातो. मग पहिले तीन महिने काय करावे हे कळत नाही आणि चौथ्यात जमेल तेथून मजकूर गोळा होतो. सत्राची अखेरही पर्वणीसारखीच अचल असते. वेळ वाढवता येत नसेल, तर व्याप्ती कमी करावी, हा पहिला धडा होय.

नियोजनाचे एक उदाहरण :

सीपीएम शिकवण्यासाठी कारखान्याचे उदाहरण घेण्याची आवश्यकता नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर हा अनेक महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष उपलब्ध असलेला प्रकल्प आहे. समजा, पेठ किंवा सुरगाणा तालुक्यातील एखाद्या गावी वनराई बंधारा बांधावयाचा आहे. ओढ्याला प्रवाह असतानाच तो बांधला पाहिजे, म्हणजे येथेही मुदत निसर्गाने घातलेली आहे. कामे अशी मांडता येतील : ग्रामपंचायतीशी चर्चा व जागेची निश्चिती (३ दिवस); त्यानंतर रिकामी पोती जमवणे (६ दिवस), निवास व भोजनाची व्यवस्था (४ दिवस) आणि गट पाडून अवजारे मिळवणे (२ दिवस) ही तिन्ही कामे एकाच वेळी; शेवटी प्रत्यक्ष बांधणी (२ दिवस).

यातील सर्वांत लांबचा मार्ग जागा, पोती व बांधणी असा असून तो ३ + ६ + २ म्हणजे ११ दिवसांचा आहे. हाच निर्णायक मार्ग. निवासाची व्यवस्था दोन दिवस लांबली तरी बंधारा लांबत नाही. पोती मात्र एक दिवस उशिरा आली, तर सारे काम एक दिवस मागे पडते. म्हणून सर्वांत जबाबदार विद्यार्थी कोठे नेमावा, याचे उत्तर पोत्यांच्या कामावर असे येते. सामान्यतः तो मंच सजावट व उद्घाटनासाठी नेमला जातो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

संघनेतृत्वाचा प्रश्न :

विद्यार्थी गटाचे नेतृत्व एका अर्थी कार्यालयातील नेतृत्वापेक्षा कठीण असते. गटप्रमुखाला वेतन देण्याचा अधिकार नसतो, शिक्षेचाही नसतो. ज्याच्याकडून काम करून घ्यावयाचे तो त्याचा मित्रच असतो. फ्रेंच कृषी अभियंता माक्सिमिलियन रिंगेलमान यांनी दोर ओढण्याचे प्रयोग केले होते. ओढणाऱ्यांची संख्या वाढली की प्रत्येकाचा सरासरी जोर घटतो, असे त्यांना १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत आढळले. आपल्या भाषेने हाच अनुभव ‘बारभाईची शेती’ या शब्दांत पूर्वीच नोंदवला आहे. ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये गटविकासाच्या चार अवस्था मांडल्या : जुळणी, संघर्ष, संकेतनिश्चिती व कार्यसिद्धी. यातील संघर्षाची अवस्था स्वाभाविक आहे. ती आली की गट बदलून मागणारे विद्यार्थी आणि लगेच बदलून देणारे शिक्षक, दोघेही शिकण्याची एक संधी गमावतात.

आणखी एक बाब गंभीर आहे. गटप्रमुख म्हणून बहुधा शहरातील, सफाईने इंग्रजी बोलणारा विद्यार्थी निवडला जातो. मुलींकडे अहवालाचे लेखन येते आणि आदिवासी तालुक्यांतून आलेला, घरातून प्रथमच महाविद्यालयात पाऊल टाकणारा विद्यार्थी शेवटच्या बाकावर मूक राहतो. वास्तविक, बंधाऱ्यासाठी ओढ्याची जागा तो सर्वांहून अचूक सांगू शकेल. नेतृत्व हा ठरावीक व्यक्तींचा उपजत गुण मानला, तर विद्यापीठाला त्यात शिकवण्यासारखे काही उरत नाही. ते शिकता येते असे मानले, तर ते करून पाहण्याची संधी प्रत्येकास मिळाली पाहिजे.

सूचना :

१. प्रकल्पाच्या आरंभी एका पानाचा आराखडा घ्यावा. त्यात काय करणार याबरोबरच काय करणार नाही, हेही लिहिलेले असावे.

२. प्रत्येक कामापुढे एकाच व्यक्तीचे नाव व दिनांक असावा; ‘सर्वजण’ असा उल्लेख स्वीकारू नये.

३. गटप्रमुखपद दर तीन-चार आठवड्यांनी फिरते ठेवावे.

४. साप्ताहिक नोंदवहीत झालेल्या कामाबरोबर न झालेले काम व त्याचे कारण नोंदवावे.

५. १०० गुणांची विभागणी आराखडा २०, नोंदवही २०, फलित २०, वैयक्तिक मौखिक परीक्षा २५ व सहकाऱ्यांनी केलेले मूल्यमापन १५ अशी करता येईल. अहवाल हा फलिताचाच एक भाग समजावा.

निष्कर्ष :

प्रकल्प व्यवस्थापन व संघनेतृत्व यांचे सिद्धांत वर्गात सांगता येतात, परंतु त्यांचे शिक्षण प्रत्यक्ष जबाबदारीतूनच होते. त्यासाठी नवा विषय अथवा मोठा निधी लागत नाही. मूल्यमापनाचा भर अहवालाकडून कार्यप्रक्रियेकडे वळवावा लागतो. २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकमधील महाविद्यालयांना पाणपोई, स्वच्छता, प्रथमोपचार, हरवलेल्या व्यक्तींची नोंद अशी लहान, नेमकी व उपयुक्त कामे प्रशासनाच्या अनुमतीने विद्यार्थी गटांकडे सोपवता येतील. अशा कामात नावापुरता गटात असलेला विद्यार्थी चटकन उघडा पडतो, कारण पाणपोईवर पाणी संपले, तर त्याची उणीव अहवालातील मजकुराने भरून निघत नाही.