फुटक्या काचेचे मोल

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील कोणत्याही भंगाराच्या दुकानी तांबे, पत्रा, पुठ्ठा यांना लगेच भाव मिळतो. काच मात्र दुकानदार नाखुशीने घेतो. ती वजनाला जड, वाहतुकीला जोखमीची आणि किमतीला हलकी. मग ती उकिरड्यावर वा वालधुनीच्या पात्रात पडून राहते. काच कुजत नाही.

वस्तुतः पुन्हा उपयोगात येण्यास काचेइतका योग्य पदार्थ विरळाच. वाळू, सोडा व चुनखडी सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळवून काच तयार होते. जुनी काच या मिश्रणापेक्षा कमी उष्णतेत वितळते. भट्टीत दर १० टक्के तुकड्यांमागे सुमारे अडीच ते तीन टक्के ऊर्जा वाचते. सोडा व चुनखडी तापताना सुटणारा कार्बन डायऑक्साइडही तेवढा टळतो. कागदाचा तंतू प्रत्येक खेपेस आखूड होतो. काचेची प्रत मात्र उतरत नाही. रंग तेवढे वेगळे ठेवावे लागतात, आणि बाटल्यांत चिनीमातीचा कप मिसळलेला चालत नाही; तो वितळत नाही व नव्या बाटलीत दोष राहतो. अखंड बाटली धुऊन पुन्हा भरणे हे तर वितळविण्याहूनही श्रेयस्कर.

ही निवड कोणाचे हात करतात? तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ साली सुरू झाला, हे आम्ही वर्गात शिकवतो. काच वेचणाऱ्या बाईचा इतिहास शिकवत नाही. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांनी संघटना उभारली व तिचे नावच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ठेवले. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. पुढे महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे त्यांना मिळाली. उकिरड्यावरचे काम हा व्यवसाय आहे, जन्माने लादलेले प्राक्तन नव्हे, हे त्यांनी कागदावर मान्य करून घेतले. आमच्या मते काचेच्या पुनर्वापराचा हिशेब येथून मांडला पाहिजे.

आमच्याच वसतिगृहाच्या पिशवीतील फुटक्या बरणीने कचरा नेणाऱ्या एका ताईंचा तळहात चिरला होता. तेव्हापासून फुटकी काच पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद करून वेगळी देतो. मुलांनी खोक्यावर लाल अक्षरांत ‘काच’ लिहिले. ताईंना वाचता येत नाही, हे आम्हांस नंतर कळले. आता मुले शेजारी फुटक्या बाटलीचे चित्रही काढतात.