जमिनीखालची खोली आणि वाऱ्याची वाट

आमच्या गटाची सहल पन्हाळ्याला गेली होती. अंधारबावीच्या पायऱ्या उतरताना आमच्यातल्या एका मावशींनी विचारलं, "पहारेकरी इथं खाली राहायचे, तर त्यांचा जीव गुदमरत नव्हता व्हय?" आज त्याच प्रश्नावर बोलूया.

१६६० साली सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला होता, हे आपण लहानपणापासून ऐकतो. वेढ्यात शत्रूनं पाणी नासवलं, तर गड लढणार कसा? म्हणून पन्हाळ्याची ही विहीर इमारतीच्या पोटात लपवलेली आहे. खाली पाणी, वर माणसांना राहायला जागा आणि तटाबाहेर निघायला चोरवाट. माणूस जिथं राहणार, तिथं वाऱ्याला वाट लागतेच.

आता मुंबईचं बघा. मलबार हिलवर राज्यपालांच्या निवासस्थानाखाली इंग्रजांच्या काळातला तोफखान्याचा बंकर आहे. तो कित्येक वर्षं बंद होता. जुन्या माणसांच्या बोलण्यात तिथल्या भुयाराचा उल्लेख यायचा. त्यावरून २०१६ साली एक भिंत फोडली, तर आत १३ खोल्या सापडल्या! कुठं तोफगोळे ठेवायचे, कुठं काडतुसं, ही नावं भिंतींवर होती. पाण्याचा निचरा होण्याची सोय होती आणि वारा-उजेड यायला झरोकेही होते. दुरुस्ती करून २०१९ साली तिथं संग्रहालय सुरू झालं. २०२२ साली क्रांतिकारकांची माहिती देणारं 'क्रांतिगाथा' दालनही उघडलं. जिथं दारूगोळा होता, तिथं आता लोक इतिहास बघायला जातात.

पण जमिनीखालच्या प्रत्येक जागेत वारा नसतो. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं प्रसिद्ध होती. तोंड अरुंद, पोट मोठं. त्यात हळद भरून तोंड बंद करायचं. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच खराब झाली. बंद पेवात आतला प्राणवायू संपत जातो, म्हणून किडे मरतात आणि माल टिकतो. पण ज्या हवेत किडा जगत नाही, त्या हवेत माणूस तरी कसा जगेल?

म्हणून मैत्रिणींनो, गावातलं जुनं पेव, तळघर किंवा पडकी विहीर वापरात आणायची असेल, तर एवढं ध्यानात ठेवा. तोंड उघडलं की लगेच आत उतरू नका. वाईट हवा बऱ्याचदा जड असते, ती तळाशी साचते आणि तिला वास असेलच असं नाही. जुनी माणसं कंदील सोडून बघायची. कंदील विझला तर धोका नक्की, पण विझला नाही म्हणजे हवा चांगली, असं समजू नका. गोबरगॅसच्या टाकीजवळ तर दिवा, काडी काहीच नेऊ नका, भडका उडेल.

आत कुणी बेशुद्ध पडलं, तर त्याला काढायला मागोमाग उतरू नका. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. आधी ११२ ला फोन लावा.

अशी जागा माणसांसाठी वापरायची असेल, तर आधी वाऱ्याची वाट करा, मग दार उघडा. मावशींच्या प्रश्नाचं उत्तरही हेच.